हातोडा कोणाला, गाभारा कोणाला

'जर्नी इंटू मिस्टरी' या अमेरिकन कॉमिक्सचा ८३वा अंक, ऑगस्ट १९६२. डॉन ब्लेक नावाचा एक किरकोळ बांध्याचा, लंगडणारा डॉक्टर नॉर्वेत सुट्टीवर आला आहे. शनीवरून उतरलेले दगडी अंगाचे परग्रहवासी त्याच्या मागे लागतात. पळताना त्याची काठी हरवते, तो एका गुहेत शिरतो आणि बाहेर पडायच्या वाटेवर एक प्रचंड धोंडा आडवा आलेला दिसतो. गुहेतच एक जुनाट, वाकडीतिकडी काठी पडलेली असते. ती तरफेसारखी लावून धोंडा हलतो का, ते तो पाहतो. हलत नाही. शेवटी वैतागून तो काठी धोंड्यावर आपटतो. वीज चमकते, काठीचा हातोडा होतो आणि डॉक्टरच्या जागी नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव थॉर उभा राहतो. हातोड्यावर कोरलेलं असतं की हा उचलायला जो लायक ठरेल, त्याला थॉरचं सामर्थ्य मिळेल.

मार्व्हल कंपनीने त्याच ऑगस्टची तारीख असलेल्या दुसऱ्या एका अंकात स्पायडरमॅन आणला होता. हल्क त्याच वर्षीचा, फँटास्टिक फोर आदल्या वर्षीचे. या सगळ्यांची शक्ती विज्ञानातून आलेली: अंतराळातले किरण, गॅमा किरण, किरणोत्सारी कोळी. अणुयुगातल्या या मंडळींच्या पंक्तीला एक देव येऊन बसला. कॉमिक्सच्या विश्वाचा नियम असा की एका कंपनीची सगळी पात्रं एकाच जगात राहतात. आजच्या अंकात थॉर असेल, तर उद्या स्पायडरमॅनला तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावर भेटू शकतो. मग थॉर खरा असेल तर झ्यूसही खरा का? सूर्य कोणाच्या मालकीचा? पृथ्वी नक्की कोणी निर्माण केली? आणि ज्या देवाला वाचक रविवारी चर्चमध्ये जाऊन हात जोडतो, तो या जगात कुठे असतो?

लेखक-संपादक स्टॅन ली यांनी पुढे सांगितलं की हल्कहून बलवान कोण दाखवायचा, या विचारातून त्यांना देव सुचला. ग्रीक आणि रोमन देव लोकांच्या फार परिचयाचे होते, म्हणून त्यांनी नॉर्स देव निवडला. संवाद लिहिले ली यांचे धाकटे भाऊ लॅरी लीबर यांनी, चित्रं काढली जॅक कर्बी यांनी. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा खरा नायक कर्बीच आहे. देवांचा नाद त्यांना आधीपासून होता. १९५७ साली त्यांनी डीसी कंपनीसाठी एक छोटी गोष्ट चितारली होती. तिच्यात थॉरचा हातोडा एका साध्या माणसाच्या हाती लागतो आणि शेवटी दाढीवाला खरा थॉर तो परत न्यायला येतो.

जुन्या नॉर्स कथांतला थॉर आणि कॉमिक्समधला थॉर यांत अंतर पुष्कळ आहे. जुना थॉर तांबड्या दाढीचा, खादाड, शीघ्रकोपी. त्याचा रथ दोन बोकड ओढतात. रात्री भूक लागली की तो तेच बोकड कापून खातो आणि सकाळी हाडांवर हातोडा धरून त्यांना पुन्हा उठवतो. एकदा हातोडा चोरीला जातो तेव्हा हा धिप्पाड देव नवरीचा वेष घेऊन, तोंडावर बुरखा ओढून राक्षसाच्या घरी लग्नाला बसतो. कर्बींचा थॉर मात्र सोनेरी केसांचा, गुळगुळीत चेहऱ्याचा, आब राखून बोलणारा. कपटी देव लोकी जुन्या कथांत ओडिनचा, म्हणजे थॉरच्या बापाचा, रक्ताची शपथ घेऊन झालेला भाऊ आहे, कॉमिक्समध्ये तो थॉरचा दत्तक भाऊ झाला. लाउफे ही जुन्या कथांत लोकीची आई. कॉमिक्सवाल्यांनी तिला पुरुष केलं, हिमदैत्यांचा राजा केलं आणि लोकीचा बाप ठरवलं. इतकी मोडतोड करूनही कोणाची तक्रार आली नाही, कारण तक्रार करणारा भक्तवर्ग त्या काळी उरलाच नव्हता.

ही मोडतोड कॉमिक्सने सुरू केलेली नाही. थॉरच्या कथा आज आपल्याला माहीत आहेत त्या मुख्यतः आइसलंडचा स्नॉरी स्टुर्लुसन याच्यामुळे. इसवी सन १२२०च्या सुमारास त्याने त्या 'एडा' या ग्रंथात लिहून काढल्या. आइसलंड ख्रिस्ती होऊन तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं झाली होती आणि स्नॉरी स्वतः ख्रिस्ती होता. जुने देव खरे होते असं लिहिणं त्याला शक्य नव्हतं, पण त्यांच्या गोष्टी त्याला जिवापाड आवडत होत्या. त्याने प्रस्तावनेत तोड काढली: हे देव म्हणजे मुळात आशियातून, ट्रॉय नगरीतून आलेली माणसं. थॉर हा ट्रॉयच्या प्रायम राजाच्या मुलीचा मुलगा. उत्तरेच्या भोळ्या लोकांनी या पराक्रमी पाहुण्यांना देव मानलं. एवढं म्हणून झाल्यावर स्नॉरी मोकळा होतो आणि पुढे पानंच्या पानं रंगून जाऊन त्या देवांच्या कथा सांगतो. जुन्या देवांना नव्या विश्वात जागा करून देणारा तो पहिला मोठा संपादक, असं मी मानतो.

त्याच्याही आधीचा एक पुरावा कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दहाव्या शतकातला, ट्रेंडगार्डन इथे सापडलेला मऊ दगडाचा एक साचा. त्यात वितळलेला धातू ओतून गळ्यात घालायचे ताईत पाडत. एकाच दगडात ख्रिस्ती क्रूसाचे साचे आहेत आणि थॉरच्या हातोड्याचाही. कारागिराकडे दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक येत होतं आणि त्याने कोणालाही परत पाठवलं नाही. अमेरिकन कॉमिक्सचे प्रकाशक पुढे हेच करू पाहत होते. फरक एवढाच की त्यांच्या काळात हातोडा मागणारा श्रद्धेने मागत नव्हता, करमणुकीसाठी मागत होता. क्रूस मागणारा मात्र अजून श्रद्धेनेच मागत होता.

देव पात्र म्हणून आला की पहिली अडचण त्याच्या ताकदीची. ज्याला मरण नाही त्याच्यावर संकट कोणतं आणणार? ली आणि कर्बींनी दोन कुलपं घातली. हातोडा हातातून सुटून साठ सेकंद झाली की थॉरचा पुन्हा लंगडा ब्लेक होई. आणि हातोडा लायकीवर चाले. पहिलं कुलूप गोष्टीतला ताण वाढवायला होतं, वीसेक वर्षांनी ते गेलंही. दुसरं मात्र फार खोल गेलं. १९६८च्या सुमारास उलगडा झाला की ब्लेक नावाचा माणूस कधी नव्हताच. मुलाचा गर्व उतरवायला ओडिनने त्याला पंगू माणसाच्या देहात, स्वतःची ओळख विसरून राहायला लावलं होतं. देवाने माणसाचं दुबळेपण भोगून शहाणं व्हावं ही कल्पना आपल्या वाचकाला जवळची वाटेल, शापाने पृथ्वीवर जन्म घेणाऱ्या देवदेवता आपल्या पुराणांत पावलोपावली भेटतात.

लायकीच्या त्या अटीतून काय निघू शकतं, ते १९८३ साली वॉल्टर सायमनसन यांनी दाखवलं. त्यांनी लिहिलेल्या-चितारलेल्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर घोड्याच्या कवटीसारखं तोंड असलेला एक परग्रहवासी थॉरचा पोशाख घालून, थॉरचा हातोडा उगारून अंकाच्या नावाचीच अक्षरं फोडतो आहे. त्याचं नाव बीटा रे बिल. तो देव नाही, नॉर्स नाही, पृथ्वीवरचाही नाही. आपल्या उद्ध्वस्त झालेल्या लोकांचं रक्षण करण्यासाठी त्याने स्वतःचा देह विद्रूप करून घेतला आहे आणि हातोडा त्याला उचलता येतो. देवपण जन्माने मिळत नाही, ते वागण्यातून येतं, हे इतक्या थेटपणे सांगणारं चित्र मला दुसरं आठवत नाही. जुन्या एडात अशी अट कुठेच नाही. हातोड्याला लायकीची पारख शिकवली ती कॉमिक्सने.

डीसीच्या जगात देवांना आधीपासून वेगळी जागा होती. १९४० साली फॉसेट कंपनीने आणलेला कॅप्टन मार्व्हल हा नायक पुढे डीसीकडे गेला. बिली बॅटसन हा पोरका मुलगा 'शझॅम' म्हणतो आणि त्याला सहा जणांचे गुण मिळतात: सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलिसचं बळ, अ‍ॅटलासचा टिकाव, झ्यूसची शक्ती, अकिलीसचं धैर्य, मर्क्युरीचा वेग. बायबलमधला एक राजा आणि ग्रीक-रोमन मंडळी एकाच मंत्रात बसली आणि कोणाला त्यात खटकलं नाही. १९४१च्या अखेरीस आलेली वंडर वुमन तर देवतांच्या आशीर्वादावरच उभी आहे. तिच्या गोष्टीत प्रेमाची देवता आणि युद्धाचा देव यांचा झगडा आहे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे निर्माते विल्यम मार्स्टन यांना तेच म्हणायचं होतं. इथे देव मागे उभे राहून वर देतात, लढतो तो माणूस. १९८७ साली जॉर्ज पेरेझ यांनी आणि २०११पासून ब्रायन अझरेलो आणि क्लिफ चियांग यांनी हे ग्रीक देव पुन्हा नव्याने रचले. चियांग यांचा हेडीज पाहण्यासारखा आहे: लहान मुलाएवढा, डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट, वितळलेलं मेण डोळ्यांवर ओघळून डोळे बुजलेले.

खरी पंचाईत अनेक देवकुळं एकत्र आल्यावर होते. मार्व्हलने १९६५ साली हर्क्युलिस आणला, तो आणि थॉर पुलावर समोरासमोर आले, वाट कोणी द्यायची यावरून हाणामारी झाली. तेव्हापासून ग्रीक देवांचा ऑलिम्पस आणि नॉर्स देवांचा अ‍ॅसगार्ड दोन्ही खरे ठरले. मग इजिप्तचे आले, केल्ट लोकांचे आले, जपानचे आले. २००८ साली तर स्क्रल नावाच्या परग्रहवासीयांच्या आक्रमणाच्या कथेत त्यांचेही देव आले आणि पृथ्वीच्या वेगवेगळ्या देवकुळांतली एक टोळी त्यांच्याशी लढायला निघाली. यातून मार्व्हलच्या लेखकांनी काढलेली व्यवस्था आपल्या गावासारखी आहे: वेशीवर मारुती, शिवारात म्हसोबा, डोंगरावर खंडोबा, ज्याची त्याची हद्द ठरलेली. प्रत्येक देवकुळाला पृथ्वीला चिकटून असलेलं स्वतःचं, वेगळ्या मितीतलं जग मिळालं. १९८२ सालच्या थॉरच्या वार्षिक अंकात सगळ्यांचं मूळही जोडून दिलं: सुरुवातीला पृथ्वीदेवी गेआसारखे काही आदिदेव, त्यांतले बहुतेक सैतानी झाले, एका महाभक्षकाने ते गिळले आणि पुढचे देव गेआच्या वंशातले. थॉरची खरी आई गेआच, हेही ठरून गेलं. विश्व कोणी निर्माण केलं हा प्रश्न मात्र या देवांपैकी कोणाकडेही दिला नाही. ते सामर्थ्यवान आहेत, दीर्घायुषी आहेत, पण निर्माते नाहीत.

या व्यवस्थेतली एक जागा मला बेचैन करते. १९८० साली थॉरचा ३००वा अंक आला. तिथे सांगितलं आहे की हजार वर्षांपूर्वी सेलेस्टियल नावाचे अवाढव्य अवकाशदेव पृथ्वीवर उतरले, तेव्हा पृथ्वीवरच्या देवकुळांचे प्रमुख त्यांना जाब विचारायला गेले, हरले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. त्या प्रमुखांत ओडिन आहे, झ्यूस आहे आणि विष्णू आहे.

ओडिनची पूजा १९८० साली जवळजवळ नाही. झ्यूसचीही नाही. विष्णूची मात्र त्या क्षणीही कोट्यवधी घरांत चालू होती. त्या वर्षीही आषाढीला लाखो लोक पंढरपुरात विष्णूच्याच एका रूपाच्या पायाशी डोकं टेकवून आले होते. न्यूयॉर्कमधल्या संपादकाच्या टेबलावर मात्र तिघे एकाच रांगेत बसले, कारण त्या टेबलावरून पाहणाऱ्याला तिघेही सारखेच दूरचे होते. यात द्वेष नाही, मला तसं म्हणायचंही नाही. आपला वाचक कोण आहे, कोणाच्या भावना घरातल्या आहेत आणि कोणाच्या परक्या, याचा तो नकळत झालेला हिशोब आहे. त्याच प्रकाशकाने त्याच पानावर येशूला हरवून माघारी पाठवलं असतं का? नसतंच. सुपरहिरोंच्या जगात देवांची जागा ठरवणारा नियम इथे उघडा पडतो. ज्या देवाचा नैवेद्य थांबला आहे त्याला पात्र करता येतं, त्याला मारता येतं, हरवता येतं, विनोदी करता येतं. ज्याचा नैवेद्य चालू आहे त्याला चौकटीबाहेर ठेवतात. आणि नैवेद्य चालू आहे की नाही, हे संपादकाला त्याच्या खिडकीतून जेवढं दिसतं त्यावर ठरतं.

आपल्या परंपरेतही ही वाटणी आहे. इंद्राकडे पाहा. वेदांत सर्वांत जास्त सूक्तं त्याची, हातात वज्र, मेघांचा स्वामी, थॉरचा दूरचा भाऊबंदच. पण त्याची पूजा मागे पडली आणि पुराणांत तो सिंहासन डळमळलं की घाबरणारा, ऋषींच्या तपाला भिणारा, गोवर्धनासमोर मान खाली घालणारा एक पात्र होऊन राहिला. कीर्तनकार इंद्राची खुशाल फजिती करतो. विठ्ठलाशी आपलं नातं याहून वेगळं. जनाबाई त्याला बोल लावते, रागावते, पण ते घरच्या माणसाचं रागावणं आहे. म्हणजे जिवंत श्रद्धेत देव दूर ठेवावाच लागतो असं नाही. दूर ठेवणं ही प्रकाशकाची गरज असते, भक्ताची नव्हे.

अमेरिकन कॉमिक्समधल्या त्या दूर ठेवलेल्या देवाकडे येण्याआधी आणखी तीन वाटा पाहू. पहिली विज्ञानाची. एरिक फॉन डॅनिकन यांच्या १९६८च्या पुस्तकाने प्राचीन देव म्हणजे अंतराळवीर ही कल्पना जगभर पोचवली होती. १९७६ साली कर्बींनी 'द इटर्नल्स' काढलं: सेलेस्टियलांनी आदिमानवावर प्रयोग करून अमर माणसांची एक जात घडवली आणि लोक त्यांनाच देव समजले. झुरास म्हणजे झ्यूस, मक्कारी म्हणजे मर्क्युरी. पुढे हे थॉरच्याच जगात ओढलं गेलं आणि मोठा गोंधळ झाला, कारण त्या जगात खरा झ्यूस आधीच बसला होता. २०११च्या 'थॉर' चित्रपटाने जादू आणि विज्ञान एकच असं सांगून हाच मार्ग धरला. ही वाट मला सर्वांत कोरडी वाटते. स्नॉरीने देवांना ट्रॉयची माणसं केलं, पण कथेत देवपण शिल्लक ठेवलं. परग्रहवासी केलेल्या देवाजवळ यंत्रं उरतात, दरारा उरत नाही.

दुसरी वाटही कर्बींचीच आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यांतली सर्वांत उंच. १९७० साली ते मार्व्हल सोडून डीसीत गेले. १९७१ साली 'न्यू गॉड्स'चा पहिला अंक आला. त्याच्या पहिल्या पानांवर जुने देव महायुद्धात मरतात, त्यांचं जग फुटून दोन होतं: एक उजेडाचं न्यू जेनेसिस, दुसरं आगीच्या खड्ड्यांचं अपोकोलिप्स. उसनं देवकुळ घेण्याऐवजी कर्बींनी नवंच देवकुळ रचलं. अपोकोलिप्सचा डार्कसाइड शोधतो आहे 'अँटी-लाइफ' समीकरण, म्हणजे प्रत्येक जीवाची इच्छाशक्ती हिरावून घेणारं सूत्र. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला स्थलांतरित ज्यू कुटुंबात वाढलेल्या, १९४४ साली फ्रान्सच्या भूमीवर नाझींशी लढलेल्या माणसाने सैतानाची ही व्याख्या केली आहे.

'द पॅक्ट' या सातव्या अंकात युद्ध थांबवण्यासाठी दोन्ही राजे एकमेकांशी मुलांची अदलाबदल करतात. डार्कसाइडचा हिंस्र मुलगा ओरायन न्यू जेनेसिसच्या शांततेत वाढतो आणि आयुष्यभर स्वतःच्या रक्ताशी झगडतो. न्यू जेनेसिसचा राजा हायफादर याचा मुलगा स्कॉट फ्री अपोकोलिप्सच्या अनाथाश्रमात वाढतो, जिथे ग्रॅनी गुडनेस नावाची म्हातारी मायेच्या शब्दांत मुलांना चिरडते. दोन बापांनी शांततेसाठी काय किंमत मोजली आणि ती कोणाकडून वसूल केली, हे त्या एका अंकात जितकं आहे तितकं कित्येक जाड कादंबऱ्यांत नसतं. या देवांवरही कोणीतरी आहे, पण तो दिसत नाही. हायफादरला भिंतीवर अग्नीचं बोट लिहिताना दिसतं, एवढंच. १९७२ साली ११व्या अंकानंतर डीसीने मालिका बंद केली. कर्बींची गोष्ट अर्धी राहिली.

तिसरी वाट श्रद्धेची. नील गेमन यांच्या 'सँडमन'मध्ये (१९८९ ते ९६) देव माणसांच्या विश्वासावर जगतात, विश्वास ओसरला की क्षीण होतात. तिथे लुसिफर नरकाला टाळं लावून किल्ली स्वप्नांच्या राजाला देतो आणि ती मागायला ओडिन, अनुबिस, जपानचा सुसानो असे सगळे त्याच्या दारात येतात. जेसन अ‍ॅरन यांनी २०१२ साली याची उलटी बाजू घेतली. एका दूरच्या ग्रहावर दुष्काळ पडला आहे, एक मुलगी प्रार्थना करते, तिच्या ग्रहाचे देव ऐकत नाहीत, म्हणून थॉर येतो आणि पाऊस पाडतो. मग तो विचारतो, तुमचे देव कुठे आहेत? ते सगळे कापलेले सापडतात. मारणारा गोर हा एकेकाळचा श्रद्धाळू. त्याची बायको-मुलं मेली आणि कोणताच देव आला नाही. गोरचा प्रश्न साधा आहे: देव आपल्या भक्तांचं काय देणं लागतात? थॉरकडे त्याचं पक्कं उत्तर नाही आणि अ‍ॅरन यांनी त्याला खोटं उत्तर देऊ दिलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

आता चौकटीबाहेरचा देव. १९६८ साली फँटास्टिक फोरच्या ७२व्या अंकात सर्वद्रष्टा वॉचर सांगतो की सर्वशक्तिमान म्हणावा असा एकच आहे आणि त्याचं शस्त्र प्रेम आहे. नाव नाही, चेहरा नाही. डीसीत १९४० पासून स्पेक्टर आहे, ईश्वराच्या क्रोधाचा दूत. ईश्वर स्वतः दिसत नाही. २००४ साली मार्क वेड आणि माइक वीरिंगो यांनी फँटास्टिक फोरना स्वर्गात नेलं. तिथे देव भेटतो तो चित्रफलकासमोर पेन्सिल घेऊन बसलेला, जॅक कर्बींच्या रूपातला. कर्बींना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. ज्याने हे विश्व खरोखर हाताने काढलं त्याला निर्मात्याच्या आसनावर बसवणं ही त्या दोघांनी वाहिलेली मनापासूनची श्रद्धांजली. आणि त्यामुळे कोणाच्या चर्चमधल्या देवाला हात लावावा लागला नाही.

ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्नही झाले. १९७० च्या दशकात 'घोस्ट रायडर'मध्ये टोनी इझाबेला यांनी दाढीवाला, शांत चेहऱ्याचा एक 'मित्र' आणला, सैतानाशी करार करून बसलेल्या नायकाला आधार देणारा. तो कोण हे वाचकाला उमगत होतं. १९७६ साली नायक त्याच्यामुळे मुक्त होणार, असा अंक लिहून झाला होता. संपादकीय विभागाने तो बदलला आणि तो मित्र म्हणजे सैतानानेच घडवलेला भास होता असं छापलं. श्रद्धेला धक्का नको म्हणून केलेल्या बदलाने येशूसारख्या माणसाचा सैतानी भ्रम झाला, यात संपादकांनी काय वाचवलं ते मला आजवर समजलेलं नाही.

१९८९ साली डीसीच्या 'स्वॉम्प थिंग'मध्ये रिक वीच नायकाला काळात मागे मागे नेत होते. ८८व्या अंकात तो येशूच्या क्रूसापर्यंत पोचणार होता. संहिता मंजूर झाली होती, चित्रं सुरू होती. आयत्या वेळी कंपनीने अंक रद्द केला. वीच यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी येणार होते त्या गेमन आणि जेमी डेलानो यांनीही नकार दिला. तीस वर्षांनी हेच पुन्हा घडलं. मार्क रसेल आणि रिचर्ड पेस यांच्या 'सेकंड कमिंग'मध्ये देव येशूला सनस्टार नावाच्या सुपरहिरोच्या घरी राहायला पाठवतो. डीसीने मालिका जाहीर केली, विरोधात दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या, डीसीने हक्क लेखकांना परत केले. जुलै २०१९ मध्ये अहॉय कॉमिक्स या छोट्या प्रकाशकाने ती काढली. वाचल्यावर दिसतं की त्या मालिकेतला येशू फार ऋजू आहे. प्रश्न अडचणीचे आहेत ते ठोसे मारून जग सुधारू पाहणाऱ्या सनस्टारला.

भारतीय कॉमिक्सनी ही गाठ स्वतःच्या पद्धतीने सोडवली. १९६७ पासून मुंबईतून निघालेल्या अनंत पै यांच्या 'अमर चित्र कथा'त देव आहेत, पण ते कोणत्याही सुपरहिरोच्या विश्वात नाहीत. राम वाईरकरांनी काढलेला कृष्ण कृष्णाच्याच कथेत राहतो. १९८६ मध्ये राज कॉमिक्सने नागराज हा सुपरहिरो आणला. त्याची सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. प्रोफेसर नागमणीच्या कह्यात असलेल्या नागराजला सोडवतात ते बाबा गोरखनाथ, नवनाथांची पोथी घरात असलेल्या कोणाही मराठी माणसाच्या ओळखीचे. इथे दैवी पुरुष वाट दाखवतो आणि बाजूला होतो. लढाऊ संघात नाव नोंदवत नाही. २००६ मध्ये व्हर्जिन कॉमिक्सने रामायण नेलं ते थेट सन ३३९२ मध्ये, म्हणजे देव्हाऱ्यातला राम देव्हाऱ्यात राहिला आणि लेखकाला हवा तो वेगळा राम मिळाला. माझ्या मते या सगळ्यांत मुळीकांच्या नागराजची वाट सर्वांत सहज, कारण ती कोणा कंपनीच्या धोरणातून आलेली नाही, घरातून आलेली आहे.

पूजा चालू आहे की थांबली, ही रेषा कायमची नसते. थॉरचं कॉमिक्स सुरू झालं त्यानंतर दहा वर्षांनी, १९७२ साली, आइसलंडमध्ये काही लोकांनी जुन्या नॉर्स देवांच्या उपासनेसाठी संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी सरकारने तिला धर्म म्हणून मान्यता दिली. आज तिचे सदस्य हजारोंत आहेत. अमेरिकेतही ओडिन-थॉरला मानणारे लोक आहेत, त्यांतले काही सैन्यात जातात. २०१३ साली अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने थडग्याच्या दगडावर कोरायच्या श्रद्धाचिन्हांच्या यादीत थॉरचा हातोडा दाखल केला, क्रूस आणि ज्यूंच्या ताऱ्याच्या शेजारी. मार्व्हलचा थॉर त्याच वर्षी त्याच्या दुसऱ्या स्वतंत्र चित्रपटात झळकला. त्याला हरवायचं, रडवायचं, हसवायचं काम लेखक आजही बिनधास्त करतात. पण आता त्यांच्या वाचकांत असा कोणी असू शकतो, ज्याने तोच हातोडा गळ्यात घातला आहे आणि घरी थॉरच्या नावाने खरोखरच नैवेद्य ठेवला आहे. १९६२ साली कर्बींना त्याचा विचार करावा लागला नव्हता. पुढच्या संपादकाला करावा लागेल.